आधी कुणाला वाचून दाखवायचं? सत्तेवर संशोधन करणाऱ्या एका प्राध्यापिकेचं प्रकरण

पूर्व विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी राज्यशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिकेचं हे प्रकरण आहे. त्यांचा विषय लोकशाही आणि सत्ता. एका ग्रामसभेचा अभ्यास करताना त्यांच्या हाती जे लागलं, ते जसंच्या तसं छापलं तर गावाचं नुकसान होणार होतं आणि दडपलं तर त्याच गावातल्या सगळ्यांत कमी ताकदीच्या बायकांचं. मार्ग शोधत बसलं तर स्वतःची बढती जाणार होती. त्या अडचणीतून त्या कशा गेल्या, कुठे थांबल्या, कशाची किंमत कोणी मोजली, हे तपशिलानं मांडतो आहे. मी निवृत्त शिक्षक. त्यांच्या प्रबंधाचे मसुदे वाचणाऱ्या तिघाचौघांत मी होतो, त्यामुळे बरंच काही जवळून पाहिलं. गाव, महाविद्यालय आणि माणसं ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत, आणि हा मजकूर बाईंनी वाचलेला आहे.

पार्श्वभूमी

बाईंचं घर धानाच्या पट्ट्यातलं. एम.ए. नागपूरला, मग सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा, आणि त्यानंतर बरीच वर्षं तासिका तत्त्वावर. ज्यांनी हे दिवस काढले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो: जेवढे तास घेतले तेवढ्याचेच पैसे, तेही महिनोन्‌महिने रखडून, आणि उन्हाळ्यात काहीच नाही. सकाळी एका महाविद्यालयात, दुपारी दुसऱ्या गावच्या महाविद्यालयात. वाचन सगळं एसटीत. अनुदानित जागेवर कायम झाल्या तेव्हा चाळिशी जवळ आली होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे सहयोगी प्राध्यापक व्हायला पीएचडी लागतेच, म्हणून नोंदणीची घाई होती हे खरं. पण विषय त्यांनी घाईत निवडला नव्हता. गावात ठरवतं कोण, हा प्रश्न त्यांच्या मनात फार जुना आहे.

हा प्रश्न विचारणाऱ्या अभ्यासकांची एक लांब परंपरा आहे. येल विद्यापीठाच्या रॉबर्ट डाल यांनी अमेरिकेतल्या न्यू हेवन शहराचा अभ्यास करून १९६१ मध्ये मांडलं की सत्ता कुणाकडे आहे हे पाहायचं तर ज्या निर्णयांवर उघड मतभेद झाले ते घ्या आणि त्यांत कुणाचं म्हणणं टिकलं ते तपासा. पुढच्याच वर्षी पीटर बॅकरॅक आणि मॉर्टन बॅरट्झ यांनी विचारलं, जो विषय चर्चेला येऊच दिला जात नाही त्याचं काय? १९७४ मध्ये स्टीव्हन ल्यूक्स आणखी खाली उतरले. त्यांच्या मते सत्तेचा सगळ्यांत खोल प्रकार म्हणजे माणसाला आपल्यावर अन्याय होतो आहे असं वाटूच न देणं. आमच्याकडे सत्तेचे हे तीन चेहरे एम.ए.च्या वर्गात दोन तासांत संपतात. बाईंना ते वर्गाबाहेर, आपल्याच जिल्ह्यात पाहायचे होते.

त्यांनी गाव निवडलं ते गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यातलं. या पट्ट्यात ग्रामसभेला जेवढा जीव आहे तेवढा राज्यात क्वचितच कुठे असेल. आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आणि जंगलात राहणाऱ्यांचे जंगलावरचे हक्क मान्य करणारा २००६ चा वनहक्क कायदा हे त्याचं एक कारण. दुसरं कारण म्हणजे त्याच्याही आधीपासून धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं पाडलेली वाट. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. गावचे देवाजी तोफा, कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकऱ्यांनी मिळून तिथे दोन गोष्टी रुजवल्या: निर्णय सर्वसहमतीनं घ्यायचा, आणि निर्णयाआधी अभ्यासगटात बसून विषय समजून घ्यायचा. २००९ मध्ये मेंढ्याला सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर सगळ्या गावाचा मिळून हक्क, मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. नंतर अनेक गावांनी ही वाट धरली. आपल्या प्रकरणातलं गाव त्यांपैकी एक, मेंढ्यापासून बरंच दूर.

गावाला सामूहिक वनहक्क मिळालेला आहे. ग्रामसभा स्वतः बांबू विकते, तेंदूपत्त्याचा, म्हणजे विडीच्या पानांचा, लिलाव स्वतः करते. ठेकेदाराच्या दयेवर असलेल्या गावाचे दिवस ज्यांनी पाहिले त्यांना हा बदल किती मोठा आहे हे सांगावं लागत नाही. ग्रामसभेच्या पैशातून विहिरीचं काम झालं, दोन पोरींचं नर्सिंगचं शिक्षण झालं. गावाला स्वतःचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे.

गावाचे दोन भाग. मूळ गाव, आणि नाल्यापलीकडची टोली, म्हणजे छोटी वस्ती. टोलीतली घरं दोन पिढ्यांपूर्वी मजुरीसाठी आलेल्यांची. थोडे गोंड, थोडे इतर समाजांचे, जवळपास सगळे भूमिहीन. मूळ गावातल्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणीला तेच जातात.

काय सापडलं

बाईंनी ग्रामसभेत जाऊन पहिल्याच बैठकीत परवानगी मागितली. तिथे त्यांनी शब्द दिला: ‘जे लिहीन ते छापण्याआधी इथं वाचून दाखवीन.’ ठराव झाला, सर्वानुमते. पुढे सगळं या एका वाक्याभोवती फिरलं.

प्रोसिडिंग वहीत पाहिलं तर गाव आदर्श होतं. वनहक्काच्या नियमांत २०१२ च्या दुरुस्तीनंतर ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. दोन्ही अटी पुऱ्या होत होत्या. प्रत्येक ठरावाखाली ‘सर्वानुमते मंजूर’. डाल यांच्या पद्धतीनं गेलं असतं तर या गावात सत्ता नावाची गोष्टच सापडली नसती, कारण वाद कुठे नोंदलेलाच नव्हता.

बाई वही सोडून बसण्याच्या जागा पाहू लागल्या. समाजमंदिरात समोर सतरंजीवर मूळ गावातले पुरुष. डाव्या भिंतीशी मूळ गावातल्या बाया. टोलीतली माणसं दाराच्या आत नि बाहेर, अर्धी व्हरांड्यात. सभा गोंडीत चाले. बाईंना कामापुरती गोंडी येत होती, बाकी एक तरुण मुलगा भाषांतर करून सांगे. एका सभेत टोलीतली एक बाई व्हरांड्यातून उभी राहून बराच वेळ बोलली. बाईंनी विचारलं, काय म्हणाली? मुलगा म्हणाला, ‘काही अडचण नाही म्हणते.’ एवढ्या लांब बोलण्याचं एवढं छोटं भाषांतर! ‘बाद’ हा एक शब्द तर बाईंनी स्वतःच्या कानानं दोनदा ऐकला होता. भाषांतर करणारा मुलगा ग्रामसभेच्या सचिवाचा पुतण्या.

‘बाद’चा अर्थ मे महिन्यात, फळीवर, म्हणजे पानं मोजून घेण्याच्या जागी, कळला. तेंदूपत्त्याचे पुडे बांधून संध्याकाळी फळीवर न्यायचे. तिथला मुन्शी ते तपासतो, मोजतो, आणि पान लहान आहे, भोक पडलेलं आहे, पुडा सैल आहे असं म्हणून काही पुडे बाद करतो. बाद पुड्याची मजुरी नाही आणि हंगामानंतरच्या बोनसमध्येही तो धरला जात नाही. मुन्शी ग्रामसभेनंच नेमलेला, मूळ गावातला. टोलीच्या बायांचे पुडे जास्त बाद होतात हे टोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यात दोन विधवा बायांचं पुड्यांच्या मजुरीचं कार्डच दिराच्या नावावर, म्हणजे त्यांच्या मजुरीचे पैसे दिराच्या खात्यात. ग्रामसभेत हे का काढत नाही, असं बाईंनी विचारल्यावर एकीनं सांगितलं, ‘मिटिंगमंदी बोललं का मंग हंगामात आमचेच पुडे बाद होतेत. आमाले बोलावतेत, बसवतेत. पण इषय त रात्रीच ठरलेला रायते.’

ही शेवटची गोष्ट बाईंनी पडताळून पाहिली. सभेच्या आदल्या रात्री सचिवाच्या अंगणात पाचसहा जण बसत आणि विषयांची यादी करत. त्यात वाईट हेतू होता असं बाईंना कधी वाटलं नाही, मलाही वाटत नाही. कागदपत्रं सांभाळू शकणारी, तालुक्याला खेपा घालणारी माणसं तीच होती. पण टोलीतलं कुणी त्या अंगणात कधी बसलं नव्हतं.

पहिला निर्णय: याला म्हणायचं काय

प्रकरणाचा पहिला मसुदा आमच्याकडे आला तेव्हा बाईंनी हे सगळं ल्यूक्सच्या तिसऱ्या चेहऱ्यात बसवलं होतं. टोलीतल्या बायांनी आपली दुय्यम जागा मनोमन स्वीकारली आहे, त्यांचं गप्प बसणं हीच सत्तेची खरी खूण आहे, असा सूर. मार्गदर्शकांना ही मांडणी पसंत होती. ती वाचायला दमदार होती, आणि परिसंवादांत अशा मांडणीला दाद मिळते.

दुसऱ्या हंगामात बाई टोलीतल्या एका आजींच्या घरी उतरल्या होत्या. चुलीमागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा. वरच्या ओळीत उभ्या रेघा, खालच्या ओळीत आडव्या, आणि दोनचार रेघांनंतर थोडी मोकळी जागा. आजींनी समजावून सांगितलं: उभी रेघ म्हणजे घेतलेले पुडे, आडवी म्हणजे बाद झालेले, मोकळी जागा म्हणजे रविवार. गेल्या वर्षीच्या रेघांवरून सारवलं होतं, तरी त्या पुसट दिसत होत्या. आजींना लिहिता-वाचता येत नाही.

ज्या बाईनं दर हंगामाचा हिशेब भिंतीवर ठेवला आहे, तिला आपल्यावर अन्याय होतो हे कळत नाही असं कसं लिहायचं? टोलीला सगळं कळत होतं. फक्त ते कुठे बोलायचं नाही हेही कळत होतं. जेम्स स्कॉट यांनी मलेशियातल्या केदाह राज्यातल्या भाताच्या गावात राहून १९८५ मध्ये हेच दाखवलं: मालकासमोर गरीब माणूस एक बोलतो, आपल्या माणसांत दुसरं, आणि त्याच्या गप्प बसण्याला अज्ञान समजणं ही अभ्यासकाची चूक असते. बाईंनी मसुदा मोडला. मार्गदर्शकांशी वाद झाला, पण त्या हटल्या नाहीत. नवी मांडणी दुसऱ्या चेहऱ्याची होती. अन्याय दिसत होता, विषय यादीत येत नव्हता, आणि यादी करण्याची जागा मोजक्यांच्या हाती होती.

या निर्णयाचं मोल मला फार वाटतं. पहिली मांडणी छापली असती तर टोलीतल्या बाया प्रबंधात अडाणी ठरल्या असत्या, आणि उपाय म्हणून ‘जाणीवजागृती’ सुचवली गेली असती. दुसऱ्या मांडणीतून निघणारा उपाय साधा होता: यादी कशी होते ते बदला, मुन्शी कसा नेमतात ते बदला.

इथे त्यांना जेन मॅन्सब्रिज यांचं काम उपयोगी पडलं. मॅन्सब्रिज यांनी अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या एका लहान गावाच्या सभेचा अभ्यास केला होता, तो १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. समोरासमोर बसून चालणाऱ्या त्या सभेतही गरीब, नवे आलेले आणि वस्तीबाहेर राहणारे लोक कमी येत, आले तरी कमी बोलत. आपलं हसं होईल अशी धास्ती त्यांना असे. मॅन्सब्रिज यांचं म्हणणं असं की सगळ्यांचं हित एक असेल तिथे सहमती उत्तम चालते. हित वेगळं असेल तिथे सहमतीच्या आग्रहाखाली दुबळ्याचं म्हणणं दबून जातं, तिथे मतभेद उघड मोजलेले बरे. जंगल वाचवण्याच्या प्रश्नावर आपलं गाव एक होतं. बाद पुड्यांच्या प्रश्नावर नव्हतं. दोन्ही प्रश्न मात्र एकाच सभेत, एकाच पद्धतीनं सोडवले जात.

अडचण

प्रकरण तयार झालं आणि चार बाजूंनी ताण सुरू झाला.

प्रबंध सादर करण्याची मुदत जवळ आलेली. टाळेबंदीत एक हंगाम वाया गेला होता, मुदतवाढ एकदा घेऊन झाली होती. एका संपादित ग्रंथासाठी याच प्रकरणाचा लेख स्वीकारला गेला होता आणि तो पंधरा दिवसांत हवा होता.

तालुक्यातल्या राजकारणात ग्रामसभांच्या हातातलं जंगल खुपणारे लोक होते. ‘ग्रामसभा गरिबांना लुटते’ असं एखाद्या विद्वान बाईनंच लिहून दिलं तर त्यांना आयतं हत्यार मिळणार होतं. महाविद्यालय चालवणाऱ्या संस्थेतल्या एकानं, ‘मॅडम, ते लवकर छापा, लोकांना कळू द्या,’ असं आपणहून सांगितलं. एरवी या गृहस्थांनी राज्यशास्त्राच्या संशोधनाची चौकशी केल्याचं कुणाला आठवत नाही. बाईंना त्या प्रोत्साहनानंच जास्त काळजी वाटली.

तिसरा ताण ओळख लपवण्याचा. मॅन्सब्रिज यांचं गाव आणि स्कॉट यांचं गाव, दोघांनीही टोपणनावानं लिहिलं. पण इथे परिसरात सगळे एकमेकांना ओळखतात. बांबू विकणारं, नाल्यापलीकडे टोली असलेलं गाव म्हटलं की तालुक्यातला कुणीही नाव सांगेल, आणि टोलीत दोनच विधवा बायांची कार्डं दिराच्या नावावर होती.

आणि चौथा ताण, दिलेला शब्द.

समोरचे पर्याय

आम्ही वाचणारे एका रविवारी त्यांच्या घरी जमलो. मार्गदर्शकही आले. चर्चा दुपारपासून अंधार पडेपर्यंत चालली.

मार्गदर्शकांचं मत होतं की गावाचं नाव बदलून सरळ छापावं. शब्द दिला तो तोंडी होता, आणि संशोधकानं आपले निष्कर्ष ज्यांच्याबद्दल आहेत त्यांच्याकडून मंजूर करून घ्यायचे ठरवलं तर सत्तेबद्दल कधीच काही लिहिता येणार नाही. हा मुद्दा हलका नव्हता. दुसऱ्या टोकाला एक कार्यकर्ते मित्र होते. त्यांनी आयुष्याची वीस वर्षं वनहक्काच्या दाव्यांत घातलेली. ते म्हणाले, ‘बाई, हे प्रकरण काढून टाका. घरातलं भांडण आपण घरात मिटवू. आत्ता ग्रामसभा कमजोर झाली तर टोलीला फळीच उरणार नाही, मग ठेकेदार येईल.’ तेही खोटं नव्हतं.

मधला मार्ग म्हणून भाषा सौम्य करणं सुचवलं गेलं: ‘काही आव्हाने शिल्लक आहेत’ अशा धाटणीचं. बाईंनी तो लगेच बाजूला सारला.

एकानं कायद्याची वाट दाखवली. राज्याच्या २०१४ च्या पेसा नियमांप्रमाणे टोली किंवा पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेता येतं, म्हणजे टोलीला स्वतःची ग्रामसभा. ऐकायला चोख उपाय. बाईंनी नंतर टोलीत विचारलं तेव्हा बायांनी तो जागच्या जागी नाकारला. वनहक्काचा पट्टा मूळ गावाच्या नावावर, वेगळं झालं तर जंगल कुणाचं? त्यांचा सरळ विचार आमच्या कुणाच्या डोक्यात त्या रविवारी आला नव्हता.

राहता राहिला शब्द पाळण्याचा पर्याय, पण त्यातही एक पेच होता. ग्रामसभेत वाचायचं म्हणजे कुणासमोर? ज्यांच्याबद्दल तक्रार आहे त्यांच्याच सभेत, त्यांच्याच यादीनुसार, त्यांच्याच पुतण्याच्या भाषांतरातून. बाया व्हरांड्यात उभ्या असताना त्यांचीच वाक्यं मोठ्यानं वाचायची?

काय ठरवलं आणि काय केलं

बाईंनी वाचनाचा क्रम उलटा केला. आधी टोली, मग अभ्यासगट, शेवटी ग्रामसभा. आणि तिन्ही ठिकाणी ऐकणाऱ्यांना वेगवेगळे अधिकार दिले.

टोलीतल्या बायांना त्यांच्या स्वतःच्या बोलण्यावर पूर्ण अधिकार. जे वाक्य नको ते काढायचं, कारण विचारायचं नाही. ग्रामसभेला चुका दाखवण्याचा आणि आपली बाजू प्रबंधात जशीच्या तशी घालून घेण्याचा अधिकार, पण काढून टाकण्याचा नाही. ज्याच्याकडे जास्त सत्ता त्याला आपल्याबद्दलच्या लिखाणावर कमी हक्क, हे तत्त्व त्यांनी एका पानावर लिहून काढलं आणि तेच प्रबंधाच्या पद्धतीच्या भागात घातलं. संपादित ग्रंथातला लेख मागे घेतला. मुदतवाढीचा दुसरा अर्ज केला.

टोलीतलं वाचन एका बाईच्या अंगणात, रात्री जेवणं झाल्यावर झालं. बायांनी दोन अवतरणं काढायला लावली. पुडे बाद झाल्याचा तक्ता मात्र राहू दे म्हणाल्या, आणि त्यात एक दुरुस्ती केली. मुन्शी बदलला होता त्या एका वर्षी बाद पुडे कमी होते, ते बाईंनी नोंदवलंच नव्हतं. ‘तो पोरगा चांगला होता. त्याचं चांगलं बी लिवा.’ त्या एका दुरुस्तीनं प्रकरणाचा कणा मजबूत झाला: फरक पानांत नव्हता, मोजणाऱ्यात होता.

अभ्यासगटात दोन बैठका झाल्या. पहिल्या बैठकीत सचिव तावातावानं उठून गेले. दुसऱ्या बैठकीला ते आले ते आपल्या वह्या घेऊन. त्यांचं म्हणणं असं की ठेकेदार खराब पुडे परत करतो आणि तोटा ग्रामसभेला बसतो, म्हणून कडक मोजावं लागतं. हे बाईंच्या मसुद्यात नव्हतं. ते घातलं गेलं, त्यांच्याच शब्दांत, अडीच पानं.

ग्रामसभेत भाषांतराला या वेळी दुसऱ्या गावची एक शिक्षिका होती. वाचन संपल्यावर कुणी बोलेना. मग गावातले एक वृद्ध बाबा म्हणाले, ‘मॅडमनं आपलं नाव घेतलं नाई, पण आपल्याले त आपलं तोंड दिसलं.’ त्यानंतर वाद झाला, चांगलाच मोठा. टोलीतल्या दोन बाया व्हरांड्यातून आत येऊन बोलल्या. त्या दिवशीच्या प्रोसिडिंगमध्ये पहिल्यांदाच ‘सर्वानुमते’ लिहिलं गेलं नाही. काही जणांचा विरोध नोंदवला गेला.

काय झालं

ग्रामसभेनं तीन गोष्टी मान्य केल्या. विषयांची यादी आठ दिवस आधी टोलीतही लावायची आणि तिथून विषय घ्यायचे. फळीवर मुन्शीसोबत टोलीतली एक बाई मोजणीला बसेल. कार्ड जिचे पुडे तिच्या नावावर. पुढच्या हंगामात यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीची अंमलबजावणी झाली. यादी दोनदा लागली, मग लागली नाही.

मागच्या वर्षांच्या बाद पुड्यांच्या बोनसचा विषय तसाच राहिला. ग्रामसभेत उठून बोललेल्या दोघींपैकी एकीला त्या वर्षी मूळ गावातल्या तीन घरांनी रोवणीला बोलावलं नाही. तिची मजुरी बुडाली. पुढच्या वर्षी बोलावणं सुरू झालं, पण तो पावसाळा तिला मुलीकडे दुसऱ्या तालुक्यात काढावा लागला.

राजकारणातल्या मंडळींना हवं तसं हत्यार मिळालं नाही, कारण प्रबंधात ग्रामसभेनं स्वतः केलेली दुरुस्तीही होती. संस्थेतल्या त्या गृहस्थांची चौकशी बंद झाली.

बाईंचा प्रबंध ठरल्यापेक्षा दीड वर्ष उशिरा सादर झाला. बरोबरच्या दोघांची स्थाननिश्चिती, म्हणजे वरच्या श्रेणीतली बढती, त्याआधी झाली, यांची राहिली, आणि ज्येष्ठतेतलं हे अंतर निवृत्तीपर्यंत भरून निघत नाही. मौखिकीत बाह्य परीक्षकांनी विचारलं की ज्या ग्रामसभेचा अभ्यास केला तिलाच तुम्ही बदलवलं, मग हा अभ्यास कसा? बाईंनी उत्तर दिलं की अभ्यासाचा निष्कर्ष बदलाच्या आधीच्या दोन हंगामांवर आहे, आणि बदलाचं वर्णन वेगळ्या प्रकरणात, वेगळी तारीख टाकून दिलं आहे. परीक्षकांचं समाधान झालं. लेख पुढे एका संशोधनपत्रिकेत छापून आला.

वेगळं काय करता आलं असतं

परवानगी सुरुवातीलाच टोलीत स्वतंत्रपणे मागायला हवी होती. ग्रामसभेचा ठराव म्हणजे गावाची परवानगी, हे गृहीत धरणं म्हणजे ज्या गोष्टीचा तपास करायचा तीच खरी मानून सुरुवात करणं.

भाषांतर करणारा कोण आहे, कुणाच्या घरचा आहे, हे पहिल्या दिवशी तपासायची गोष्ट आहे. पूर्व विदर्भात गोंडी, माडिया बोलणाऱ्या गावांत काम करणाऱ्या प्रत्येक संशोधकाला हे मी कळकळीनं सांगेन. भाषांतरकार बहुधा गावातला शिकलेला मुलगा असतो, आणि शिकलेला मुलगा बहुधा बऱ्या परिस्थितीतल्या घरचा असतो. दोन घरांतले दोन भाषांतरकार ठेवले तरी निम्मं काम होतं.

सभेत बोलणाऱ्या बाईच्या रोवणीच्या मजुरीची सोय आधी विचारात घ्यायला हवी होती. तिला बोलायला कुणी भाग पाडलं नव्हतं, हे खरं. पण वाचनाची तारीख रोवणीच्या तोंडावर आली ती विद्यापीठाच्या मुदतीमुळे. दिवाळीनंतर, धान कापून झाल्यावर वाचन ठेवलं असतं तर मधे सात-आठ महिने मिळाले असते. आपल्याकडे संशोधनाचं वेळापत्रक विद्यापीठाचं कॅलेंडर ठरवतं. शेतमजुरावर अवलंबून असलेल्या अभ्यासात ते हंगामानं ठरवायला हवं.

विद्यापीठांकडूनही एक अपेक्षा आहे. माणसांवर केलेल्या संशोधनाची नैतिक तपासणी वैद्यकीय महाविद्यालयांत होते. सामाजिक शास्त्रांत, विशेषतः लहान गावांतल्या महाविद्यालयांत, अनेकदा एका छापील हमीपत्रावर सही घेऊन काम संपतं. निष्कर्ष लोकांकडे परत नेण्यासाठी लागणारा वेळ मुदतीत धरला गेला असता तर बाईंना शब्द आणि बढती यांत निवड करावी लागली नसती.

एका मुद्द्यावर बाईंचं आणि माझं अजून जुळलेलं नाही. टोलीत काढून टाकलेल्या दोन अवतरणांपैकी एक सगळ्यांत भक्कम पुरावा होता. मुन्शीनं एका बाईला सभेत बोलल्याबद्दल फळीवर काय सुनावलं, ते तिच्याच तोंडून. ते गेल्यामुळे पुडे बाद होण्याचा आणि सभेत बोलण्याचा थेट संबंध प्रबंधात आकड्यांवरून सुचवला जातो, सिद्ध होत नाही. परीक्षकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. मला वाटतं, वाक्य काढलं ते योग्यच झालं. ते तिचं होतं. बाई म्हणतात, ‘तिनं काढलं ते भीतीनं. म्हणजे मुन्शीनंच माझ्या प्रबंधातलं एक वाक्य खोडलं, आणि मी त्याला माझ्या नियमानं मदत केली.’ पुढच्या अभ्यासात त्या असं वाक्य मोहोरबंद ठेवण्याचा पर्याय देणार आहेत: आता छापायचं नाही, पण सांगणारीनं हो म्हटलं तर पाच-दहा वर्षांनी छापता येईल. मला त्यात धोका दिसतो, कारण फळीवरचा मुन्शी बदलतो पण नाल्याची बाजू बदलत नाही. आमचा वाद चालू आहे.